खिळ्यांचे टायर आणि चालत जाणारा बाबा

“मस्यू ग्राव्हेल, ज्याच्यावर बसलं की माणसाला भीतीच वाटत नाही, असा टायर आहे का तुमच्याकडे?”

हो, हे मी विचारलं. मी, अनूक पेरों. दोन वर्षांपूर्वी मला खाऊच्या गाडीवर ‘मोहरी नको’ एवढे दोन शब्द बोलता यायचे नाहीत, म्हणून मी मोहरीची तिखट चटणी थापलेला हॉट डॉग नाकाडोळ्यांतून पाणी गाळत संपवायचे. आणि विचारलं तेही कुणाला, तर आमच्या अख्ख्या डोल्बो गावातल्या सगळ्यात खडूस माणसाला. मस्यू ग्राव्हेल म्हणजे टायरच्या दुकानाचे मालक. त्यांनी एकदा स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याला ‘रांगेत मागे जा’ म्हणून सांगितलं होतं, आणि मेहुणा गेला होता.

डोकं अर्थात माझं नव्हतं, माझ्या मैत्रिणीचं, कोरालीचं होतं. आमच्या शाळेत बिनतयारीच्या नाटकाचा संघ आहे. बर्फावरच्या हॉकीच्या मैदानासारखी लाकडी फळ्यांची चौकट, अंगात हॉकीचेच सदरे, शिट्टीवाला पंच. फक्त काठीबिठी काही नाही. पंच एक विषय ओरडतो आणि श्वास घेईपर्यंत तो आपण उभा करायचा. निकाल आवडला नाही तर प्रेक्षक पंचाला रबरी चपला फेकून मारतात. या संघात गेल्या वर्षी मला फ्लावीनं अक्षरशः ढकललं, आणि तेव्हा माझं तोंड जे उघडलं ते आई म्हणते आता झोपेतही मिटत नाही. तर आमचा तिघींचा नियम असा, की सरावाआधीच्या खेळात जी हरेल तिनं बाकीच्या दोघींनी ठरवलेला प्रश्न, त्यांनीच ठरवलेल्या माणसाला, न हसता विचारायचा. मागच्या खेपेला फ्लावीनं ग्रंथालयाच्या बाईंना विचारलं होतं, की इथलं सगळ्यात कमी वाचलेलं पुस्तक कोणतं आणि त्याला वाईट वाटत असेल का. बाईंनी ते शोधून तिच्या हातात दिलं. बिचारीला वाचावं लागलं.

या खेपेला मी हरले. शनिवारी बाबा गाडीला हिवाळ्याचे टायर घ्यायला जाणार होता आणि तिथूनच आम्हा तिघींना सरावाला सोडणार होता, त्यामुळे कोरालीला माणूस आयताच मिळाला.

दोघीजणी भिंतीकडच्या खुर्च्यांवर एका शिकारीच्या मासिकामागं तोंडं लपवून बसल्या होत्या. मासिक हलत होतं. मी मात्र चेहरा असा ठेवला होता की शाबासकीच द्यावी. बाबा माझ्या शेजारीच उभा होता, मांडून ठेवलेल्या एका टायरच्या खाचांतून बोट फिरवत. माझा प्रश्न संपला आणि ते बोट थांबलं.

मस्यू ग्राव्हेल हसले नाहीत. रागावलेही नाहीत. गंमत म्हणजे त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. चष्म्याच्या वरून बाबाकडे बघत ते म्हणाले, “भीती कुणाला वाटतेय, त्यावर आहे.”

आणि बाबाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

शप्पथ सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात काही नव्हतं. पण ते थांबलेलं बोट आणि ते लाल कान बघितले आणि गेला सगळा हिवाळा माझ्यासमोर उलगडत गेला.

माझा बाबा चालत जातो. लाकडाच्या मिलमध्ये तो करवतींना धार लावतो, आणि गेल्या जानेवारीपासून तो मिलवर पायी जायला लागला. डॉक्टरांनी हृदयाला व्यायाम सांगितलाय म्हणे. उणे तीसमध्ये, मिशीला बर्फाच्या सुया लोंबत असताना, पायी. मी शाळेत फुशारक्या मारायचे की माझ्या बाबाचं हृदय आता घोड्यासारखं झालंय. गाडी सगळा हिवाळा अंगणातल्या पांढऱ्या तंबूत उभी होती. ऑक्टोबर आला की सगळ्यांच्याच अंगणात हे प्लास्टिकचे तंबू उगवतात, गाडीवरचा बर्फ उपसायला लागू नये म्हणून. तिथं ती इंजिन गरम ठेवायची वायर लावून पडली होती, सलाईन लावलेल्या रोग्यासारखी. दूध, पाव, किराणा सगळं आई तिच्या गाडीतून आणायची. मे महिन्यात बर्फ वितळला आणि बाबाचं चालणं बंद झालं. हृदय बरं झालं असावं, असं मी धरून चालले. कोरड्या रस्त्यावर बाबा झकास गाडी चालवतो. सगळा उन्हाळा आम्ही तळ्यावर, ब्लूबेरी तोडायला, मामाकडे, कुठं कुठं हिंडलो.

आणि आता दुकानात मला आठवलं की बाबा पहिल्यांदा चालत गेला तो सहाव्या रांगेवरच्या त्या संध्याकाळनंतरचाच सोमवार होता.

आमच्याकडे शेतांमधून जाणाऱ्या सरळसोट रस्त्यांना रांगा म्हणतात. सहाव्या रांगेवर लारूशांच्या गोठ्याच्या पुढं एक वळण आहे, तिथं तळ्यावरचा वारा रस्ता पुसून पुसून आरसा करतो. सरावाहून मला घेऊन बाबा घरी येत होता. गाडीनं काही आवाज केला नाही, धक्का दिला नाही. ती शांतपणे रस्ता सोडून निघाली, बर्फावर नाचणाऱ्या बाईसारखी गर्रकन दीड गिरकी घेतली आणि बाजूच्या बर्फाच्या ढिगात, आलो त्याच दिशेला तोंड करून बसली. रेडिओ गातच होता. मग ओंडक्यांनी भरलेला एक ट्रक आमच्या शेजारून धडधडत गेला. कुणाला काही लागलं नाही. मला तर ते जत्रेतल्या पाळण्यासारखं वाटलं. बाबा मात्र बराच वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला होता, आणि रेडिओवरची दोन गाणी संपली तरी त्यानं गाडी सुरू केली नव्हती.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी आमचा सामना अल्माला आहे, तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. संघातल्या मुलांना नेण्याची पाळी एकेका घराकडे असते, आणि ही पाळी पेरोंची. आई त्या दिवशी रोबेर्व्हालच्या हॉस्पिटलात कामावर असणार, म्हणजे पाळी बाबाची. ती त्यानं स्वतः हात वर करून घेतली होती, सप्टेंबरात, उन्हात, बिनबाह्यांच्या सदऱ्यात. आम्ही नाही नेलं तर दुसरं कुणी नेईल, मला कुणी संघातून काढणार नाही. पण बाबानं गाडी तंबूतून बाहेरच काढली नाही तर? याही हिवाळ्यात, पुढच्याही? आमच्याकडे हिवाळा काही पाहुणा नाही, घरातलंच माणूस आहे. अर्धं वर्ष मुक्काम असतो त्याचा.

तर मस्यू ग्राव्हेलनी बाबाला विचारलं, कुठल्या रस्त्यांवर चालवतोस.

“मी जास्त करून चालतच जातो,” बाबा म्हणाला.

“चालणाऱ्याला बूट लागतात. ते शेजारच्या दुकानात.”

मासिकामागून कोरालीच्या नाकातून आवाज आला. बाबानं टोपी उचलली आणि पुढच्या आठवड्यात येतो, आज जरा घाई आहे असं काहीतरी पुटपुटला. मस्यू ग्राव्हेल म्हणाले, जरूर ये. पुढच्या आठवड्यात बर्फ पडेल, मग गावाला एकदम टायरची आठवण होईल, रांग चर्चपर्यंत जाईल आणि माझ्याकडे फक्त ट्रॅक्टरचे उरलेले असतील.

बाबा दाराकडे वळला होता. आता आमच्या नाटकात एक पक्का नियम आहे. समोरच्यानं जे दिलं ते नाकारायचं नाही, ते घेऊन पुढं जायचं. मस्यू ग्राव्हेलनी रस्ते विचारले होते ना? मग मीच सांगून टाकले. म्हटलं, शाळेचा रस्ता. मिलचा रस्ता. तळ्याच्या कडेनं अल्मापर्यंत. “आणि सहावी रांग,” मी म्हणाले, “गोठ्याच्या पुढचं वळण.”

बाबा थांबला. “ते वळण लक्षात आहे तुझ्या?”

“आहे की. रेडिओ चालू होता.”

त्यानं टोपी परत काउंटरवर ठेवली. मस्यू ग्राव्हेलनी जुने टायर आणलेस का विचारलं. ते गाडीत मागं होते, टाकून देण्यासाठी आणलेले. त्यांनी त्यातला एक लोळवत आत आणला, रबरावर अंगठ्याचं नख दाबलं आणि मान हलवली. “हे गेल्या वर्षी उन्हाळ्यातही घातलेस ना रे तू?”

ही आमच्याकडची जुनी खोड. टायर म्हातारे झाले, की एप्रिलमध्ये ते उतरवायचेच नाहीत. म्हणायचं, उन्हाळ्यात संपू देत बिचारे. थंडीसाठी केलेलं मऊ रबर मग तापलेल्या डांबरावर झिजत राहतं. पण ऑक्टोबर येतो तेव्हा ते अजून टायरसारखेच दिसतात, काळे आणि गोल, आणि हात म्हणतो, अरे, निघेल की अजून एक हिवाळा. माझ्या आजोबांनी हेच केलं. कोरालीच्या घरी हेच करतात. मस्यू ग्राव्हेलनी तिथंच कबूल केलं, की दुकान काढायच्या आधी तेही हेच करायचे. त्यामुळे दुकानात कुणालाच बाबाला हसायची सोय नव्हती.

“वाटलं, निघेल अजून एक,” बाबा म्हणाला. आणि मग आमच्यापैकी कुणाला नाही, त्या टायरलाच सांगितल्यासारखं म्हणाला, “पोर होती गाडीत.”

कोरालीनं मासिक खाली ठेवलं. मागच्या बाजूला हवा भरायचं यंत्र फुसफुसत होतं. मी नुसती बाबाच्या जवळ सरकले, आमच्या जाकिटांच्या बाह्या एकमेकींना लागतील इतकी.

मस्यू ग्राव्हेलनी तो टायर उचलून भिंतीला टेकवला, तोंड भिंतीकडे करून, जणू त्यालाच शिक्षा.

“हिच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं,” ते म्हणाले. “तसा टायर अजून कुणी काढलेला नाही. पहिला बर्फ पडला की चर्चच्या उतारावर मी स्वतः देवाशी बोलतो, आणि एरवी आमचं बोलणं नाही. कुणी येऊन मला म्हणाला ना, की मला भीती वाटत नाही, तर त्याला मी सगळ्यात महागाचे विकतो. तो खड्ड्यात जाणारच आहे. जाताना निदान चांगले असू देत.”

बाबाच्या नाकातून हवा सुटली. हसूच होतं ते, अगदी लहानसं.

त्यानंतर खरेदी जी सुरू झाली ती काय विचारता. आमच्या गावात दोन पक्ष आहेत, खिळेवाले आणि बिनखिळेवाले. खिळेवाले म्हणतात, बर्फाला धरून ठेवायला टायरमध्ये लोखंडी खिळेच हवेत. बिनखिळेवाले म्हणतात, कोरड्या रस्त्यावर तुमचा कडकडाट ऐकून आमचे कान किटतात. फ्लावीची आई बिनखिळ्यांची आणि वडील खिळ्यांचे, आणि नाताळच्या जेवणात तो विषय काढायला बंदी आहे. आमची आई कट्टर बिनखिळ्यांची. पण मस्यू ग्राव्हेल म्हणाले, तुमच्या आईचा रस्ता मोठा, बर्फ बाजूला सारणारा नांगर दिवसातून कितीदा फिरतो त्यावरून. सहाव्या रांगेवरचं ते वळण म्हणजे काच. काचेला दात लागतात.

फ्लावीला एक टायर आवडला कारण त्याच्या बाजूवर लांडगा होता. कोरालीनं दुसरा शोधला, खाचांची नक्षी देवदाराच्या झाडासारखी. मी म्हटलं, सगळ्यात रुंद घ्या, रुबाबदार दिसतात. त्यावर मस्यू ग्राव्हेलनी मला विचारलं, की बर्फावर घालायच्या त्या रुंद जाळीच्या चपला पायात घातल्यावर तू बर्फात रुततेस का वर तरंगतेस. तरंगते, मी म्हटलं. “मग गाडी तरंगायला हवी का रुतायला?” झालं, माझे रुंद टायर बाद.

आणि बाबा? बाबा आता खरे प्रश्न विचारायला लागला होता. पाणी मिसळलेल्या चिखलबर्फात हे कसे वागतात, रस्ता उघडा पडला तर खिळे किती लवकर झिजतात, जोरात वळवलं तर मागची बाजू सुटते का. देवदाराच्या नक्षीच्या त्या टायरमधून डोकावणाऱ्या एकेका खिळ्यावरून तो अंगठा फिरवत होता, आणि ते फिरवणं मला ओळखीचं वाटलं. करवतीला धार लावून झाली की तो असाच अंगठा फिरवतो, पात्याला आडवा, हलका, जणू मांजराच्या कानावरून.

“दात बरे आहेत,” तो म्हणाला. चारही तेच घेतले.

गाडी खाली उतरवल्यावर मस्यू ग्राव्हेलनी बजावलं, की सुरुवातीला उघड्या डांबरावर दमानं चालवायची. कचकन ब्रेक नाही, गर्रकन वळण नाही. खिळ्यांना रबरात नीट बसायला वेळ द्यायचा. नवा खिळा घाईनं वागवला तर उडून जातो.

रस्ता तेव्हा कोरडा खडखडीत होता. पत्र्याच्या छपरावरून शंभर कोंबड्या चालल्यासारखा आवाज करत आम्ही गावातून गेलो, लोक वळून बघत होते. मागं बसलेली कोराली माझ्या कानात म्हणाली, की तिला माहीत असतं तर तिनं हा प्रश्न दिला नसता. मी म्हटलं, वेडी आहेस का, आजवरचा तुझा सगळ्यात चांगला प्रश्न आहे हा.

मला वाटलं, झालं काम.

कसलं काम आणि कसलं काय. बुधवारी रात्रभर बर्फ पडला, आणि सकाळी बाबानं तंबूच्या छपरावरचा बर्फ झाडूनं ढकलला, इंजिनाची वायर तपासली, काचा पुसल्या, नव्या टायरांकडे वाकून बघितलं, आणि चालत मिलवर गेला. गुरुवारी तेच. शुक्रवारी रात्री जेवताना पाव कापता कापता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं त्यानं सांगितलं, की फ्लावीच्या आईशी बोलणं झालंय, अल्माची आपली पाळी ती करेल. आईनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. माझ्याकडे तेव्हा म्हणण्यासारखं इतकं होतं की सामन्याचे दोन्ही अर्धे भरले असते. मी फक्त टोमॅटोचं लोणचं मागितलं.

पण आमच्या गावची एक रीत आहे, आणि ती रविवारी माझ्या मदतीला धावून आली. पहिला खरा बर्फ पडला, की ज्यांच्या घरात शिकाऊ परवान्याचं पोर आहे ते सगळे त्याला हॉकीच्या बंदिस्त मैदानामागच्या मोकळ्या वाहनतळावर नेतात. गाडी बिघडवायला. म्हणजे वर्षभर ज्याला ‘असं करू नकोस’ म्हटलेलं असतं त्याला त्या दिवशी ‘कर’ म्हणायचं. कचकन थांब, गर्रकन वळ, घसर. मला शिकाऊ परवाना मिळून बरेच महिने झाले होते; शेजारी परवानेवाला मोठा माणूस असेल तरच मला चालवता येते.

मी बाबाला म्हटलं, चल. बाबा म्हणाला, आई नेईल. आई कामावर जायला निघाली होती, थर्मासमध्ये कॉफी ओतत होती. ती वळलीसुद्धा नाही.

“मला घसरायला येत नाही, रेमी,” ती म्हणाली. “अख्ख्या आयुष्यात मी एकदाही नीट घसरले नाही. या घरात अनुभव तुला आहे.”

बाबा तिच्या पाठीकडे बघत राहिला. गेल्या जानेवारीपासून या विषयावर त्या दोघांच्यात कुणी हसल्याचं मी ऐकलं नव्हतं. मग त्याची मिशी हलली. तो म्हणाला, बरं, आधी चालत जाऊन वाहनतळ कसा आहे ते बघून येऊ. मी म्हटलं, बाबा, गाडीला घरी ठेवून गाडी शिकायला जायचं का?

गेलो. मी चालवत होते. बाबा दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा बसला होता, दारावरचा दांडा दोन्ही हातांनी धरून. वाहनतळावरून एक कुटुंब निघतच होतं, त्यांची मुलगी खिडकीतून माझ्याकडे अंगठा दाखवून गेली. मग तिथं आम्ही दोघंच, आणि सगळीकडे पांढरं.

तो हळू आवाजात म्हणाला, सरळ जा, थोडा वेग घे, आणि मी सांगितलं की जीव खाऊन ब्रेक दाब. मी दाबला. पायाखाली ते जे काही सुरू झालं, बाप रे. ब्रेक थडथडथड करत माझ्या बुटाला आतून लाथा मारायला लागला, सगळी गाडी गुरगुरली, मी घाबरून पाय उचलला, आणि गाडी मजेत पुढं जाऊन बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली.

बाबाचे डोळे मिटलेले होते. मी मनात म्हटलं, संपलं, आता हा घरी चालत जाणार. त्यानं डोळे उघडले. ढिगाबद्दल एक अक्षर बोलला नाही.

“पाय का काढलास?”

“थरथरायला लागलं ना ते.”

“थरथरू दे. थरथरतंय म्हणजे काम करतंय. पाय काढायचा नाही.”

पुन्हा केलं. या वेळी मी दात आवळून पाय दाबूनच ठेवला, खिळ्यांनी बर्फ कराकरा खाल्ला आणि ढीग अजून लांब असताना गाडी उभी राहिली. पुन्हा. पुन्हा. मग वळताना मागची बाजू सोडून देणं आणि परत गोळा करणं. बाबानं दांडा कधी सोडला हे त्याला कळलं नसेल, मला कळलं. तो दोन्ही हातांनी हवेत वळणं काढून दाखवत होता, जसे करवतीचे दाते दाखवतो. त्याच्या वडिलांनी त्याला मिलमागच्या ओंडक्यांच्या राशींमध्ये कसं शिकवलं, ट्रकला हीटर नव्हता आणि श्वासानं काच आतून गोठायची, हे सगळं मी पहिल्यांदा ऐकलं. आजोबा म्हणे शेजारी बसून पूर्ण वेळ स्तोत्रं पुटपुटत होते, आणि बाबाला तेव्हा वाटलं होतं की ते भक्तिभावानं.

तेव्हा मी गाडी थांबवली, उतरले, पुढून वळसा घालून गेले आणि त्याच्या बाजूचं दार उघडलं. बर्फ आत यायला लागला.

“अनूक, नको,” तो म्हणाला.

मी दार धरून उभी राहिले. रंगमंचावर मी शिकले आहे, की शांतता म्हणजे रिकामी जागा नसते, ती घाईनं भरायची नसते. माझ्या भुवयांवर बर्फ साचला. बाबा उतरला.

स्टिअरिंगमागं बसल्यावर त्यानं आसन मागं घेतलं. आरसा फिरवला. आसन पुढं घेतलं. पुन्हा आरसा. मग गाडी हलली, बाबागाडीपेक्षा हळू. त्याचा उजवा हात थरथरत होता, आणि गाडीत तर हीटर चांगला चालू होता. मी बघितलं हे त्यानं बघितलं, आणि तो हात तो जाकिटाच्या खिशात घालणार एवढ्यात मी म्हणाले, “थरथरू दे.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि त्याला असं हसू फुटलं, असं फुटलं की त्याला गाडी थांबवावी लागली. डोळे पुसले, टोपी काढून परत घातली. मग त्यानं वाहनतळाला दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत ब्रेक दाबून बघितला, आणि पाय काढला नाही.

फाटकापाशी मात्र तो थांबला आणि म्हणाला, आता तू घे. मी घेतली. खोटं कशाला लिहू.

रात्री आई आल्यावर जेवायला बसलो. बाबानंच बटाटा, मका आणि खिम्याचे थर लावून ओव्हनमध्ये ठेवले होते. त्यानं आईला सांगितलं, की अल्माची पाळी फ्लावीच्या आईकडेच राहू दे, अल्मा लांब आहे, नाताळनंतर बघू. पण या वेळी तो पाव कापत नव्हता, वर बघून बोलत होता. आई म्हणाली, राहू दे. मलाही वाटलं, राहू दे. नव्या खिळ्यांबद्दल मस्यू ग्राव्हेलनी काय सांगितलंय ते मी ऐकलं होतं.

पण मी वाहनतळापासून एक हिशोब करत होते. आमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर सहावी रांग येत नाही. शाळेपासून मिल तर नाकासमोर, नांगर पहाटेच फिरलेला असतो आणि मध्ये वळण म्हणून नाही. बाबाची मिलमधली पाळी आमच्या शाळेच्या घंटेनंतर सुरू होते. आणि शिकाऊ माणसाला शेजारी कुणी नसताना गाडी नेता येत नाही, हा तर कायदाच.

मी काटा खाली ठेवला.

“उद्यापासून मी शाळेच्या बसनं जाणार नाही,” मी म्हणाले. “आपल्या गाडीनं जाणार. मी चालवणार, बाबा शेजारी बसणार. आई, अशी बघू नकोस, फेब्रुवारीत मी परवान्याची परीक्षा देणार आहे, सराव नको का?”

आईनं विचारलं, की मी शाळेत उतरल्यावर गाडीचं काय. बाबाचा घास हातातच राहिला होता. त्याला उत्तर मी सांगण्याआधीच कळलं होतं.

“तिथून ती मिलवर जाईल, बाबा नेईल,” मी म्हणाले. “हळू नेली तरी चालेल, खिळे नवीन आहेत. मी ठरवलंय.”